पोर्टफोलिओ भरगच्च, कोटेशन कोरं

खिशात पाचशेची नोट असेल तर जरा बाहेर काढा. पुढच्या बाजूला आकड्याला चिकटून रुपयाचं चिन्ह आहे. नोट उलटली की डाव्या हाताला गांधीजींचा चष्मा, म्हणजे स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह. चिन्ह काढलं उदयकुमार धर्मलिंगम यांनी. तेव्हा ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये पीएचडी करत होते. चष्मा काढला कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी. दोन्ही कामं सरकारने स्पर्धा लावून मिळवली. पहिल्याचं बक्षीस २०१० साली २.५ लाख रुपये, दुसऱ्याचं २०१४ साली ५० हजार.

दोघांचं नाव झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मी डिझाइनचा व्यवसाय करणारी बाई, मला आधी बेरीज सुचते. रोज कोट्यवधी हातांतून फिरणाऱ्या दोन डिझाइन्सचे मिळून ३ लाख. त्या स्पर्धांसाठी ज्यांनी ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांच्यातल्या बहुतेकांना काहीच नाही. एवढ्या मोठ्या देशाचं सरकारच असं काम करून घेत असेल, तर आमच्या चौकातला मिठाईवाला "आधी दोन-तीन ऑप्शन दाखवा, मग पैशाचं बघू" असं म्हणाला, यात त्याचं काय चुकलं?

डिझाइन शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना हल्ली पहिल्या वर्षापासून एकच गोष्ट सांगितली जाते: नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. कॉलेजात नव्या धंद्यांना हात देणारा इन्क्युबेशन सेल असतो, धंद्याची कल्पना मांडायच्या, म्हणजे पिचिंगच्या स्पर्धा असतात, भिंतीवर स्टार्टअप संस्थापकांचे फोटो असतात. माझं म्हणणं असं की या मुलांना संस्थापक व्हायला शिकवण्याआधी बिल करायला शिकवा. ते शिकवत नाही आहोत तोवर उद्योजकतेची ही सगळी भाषा ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांच्याच उपयोगाची आहे.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजात शेवटच्या सेमिस्टरच्या ज्युरीला, म्हणजे मुलांचं काम तपासायला गेले होते. एका मुलाने लहान मुलांसाठी जेवणाचा डबा केला होता. खरंच सुरेख. झाकण एका बोटाने उघडावं म्हणून त्याने बालवाडीत जाऊन मुलांचे हात मोजले होते, सात प्रकारची मॉडेल्स केली होती. मग पडद्यावर पिच डेक आलं, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्स. मार्केट किती कोटींचं, तिसऱ्या वर्षी आपण त्यातले किती टक्के घेणार, कंपनीचं मूल्य काय. मी विचारलं, "झाकणाचा मोल्ड, म्हणजे साचा, कुठे करून घेणार? किती पडेल?" तो म्हणाला, "मॅम, ते मॅन्युफॅक्चरिंग पार्टनर बघेल." कॉलेजपासून तासाभरावर भोसरी, पुण्याजवळचा कारखान्यांचा भाग. तिथे गल्लोगल्ली साचे करणाऱ्या टूलरूम आहेत, कुठल्याही दारात उभं राहून विचारलं असतं तर चहाबरोबर भाव मिळाला असता. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. त्याला तिकडे जा असं कुणी सांगितलंच नव्हतं. चार वर्षांत एकदाही नाही.

या पिच डेकांत एअरबीएनबीची, म्हणजे लोकांची घरं पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीची, स्लाइड हमखास असते. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोघं अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे माजी विद्यार्थी. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइनची परिषद होती, हॉटेलं भरली होती, यांना घरभाडं परवडत नव्हतं, म्हणून हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. कंपनी चालत नव्हती, क्रेडिट कार्डं संपली होती. तेव्हा २००८ च्या निवडणुकीत या दोघांनी ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाने नाश्त्याच्या सीरिअलची खोकी डिझाइन केली, घरात बसून चिकटवली आणि ४० डॉलरला एक अशी विकून साधारण ३० हजार डॉलर उभे केले. मला या गोष्टीतलं डिझाइन शिक्षण तिथे दिसतं. खोकं करता येणं, त्याला किंमत लावता येणं, आणि ती किंमत तोंडाने मागता येणं. शिवाय तिसरा भागीदार नेथन ब्लेचार्झिक इंजिनियर होता, हेही स्लाइडवर बारीक अक्षरांतच असतं.

आपल्याकडे डिझाइन शिक्षणाची सुरुवात ज्या कागदापासून झाली त्यात खरं तर हे होतं. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्याच्या पायावर १९६१ साली अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. त्या अहवालातलं लोट्याचं कौतुक डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात ऐकवतात. लोटा हातात कसा बसतो, कमरेवर कसा बसतो, पाणी ओतताना तोल कसा राहतो. पण लोट्याबद्दल ईम्स दांपत्याने जे प्रश्न मांडले त्यात खर्चाचेही प्रश्न होते: घडवायला किती पडतो, वापराच्या हिशेबात किती पडतो, आणि मोडीत घातला तर काय हाती येतं. मोडीचा भाव! आपल्या आज्यांना तो तोंडपाठ असायचा. वर्गात मात्र लोटा गोलाईपाशीच थांबतो.

मला स्वतःला हा धडा कॉलेजात मिळाला नाही, प्रेसमध्ये मिळाला. पहिलं स्वतंत्र काम होतं मिठाईच्या अर्ध्या किलोच्या खोक्याचं. मी रंग, अक्षरं, वरची पैठणीची किनार, सगळं जीव ओतून केलं आणि खोकं जरा ऐटदार दिसावं म्हणून लांबीला इंचभर वाढवलं. प्रेसवाले काका चष्मा कपाळावर ढकलून डायलाइनकडे, म्हणजे खोकं कापायच्या आणि घडी घालायच्या आराखड्याकडे, बघत बसले. मग त्यांनी टेबलावर तेवीस बाय छत्तीस इंचांची शीट पसरली, पट्टी लावली आणि म्हणाले, "ताई, उलगडलेलं खोकं अकरा बाय साडेअकरा होतं तेव्हा एका शीटवर सहा बसत होते. आता साडेबारा झालं. चारच बसतात." दहा हजार खोक्यांना आधी १,६६७ शीट लागल्या असत्या, आता २,५००. माझ्या त्या एका इंचाची किंमत आठशेहून जास्त शीट. वर छपाई, लॅमिनेशन आणि डाय पंचिंगही त्याच पटीत वाढणार. काका हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार, तुम्ही का मी?"

त्या दिवशी इंच परत कापला. पण घरी येताना डोक्यात दुसरंच होतं: मी गिऱ्हाइकाचे एवढे पैसे वाचवू शकते, हे मला कळल्यावर माझ्या कामाचा भाव मी ठरवायला हवा. "तुम्ही द्याल ते" हे उत्तर तिथेच संपायला हवं होतं. संपायला आणखी चार वर्षं लागली, ती गोष्ट वेगळी.

आता भावाचं गणित घालून बघू, कारण हे गणित मी शिकवायला गेलेल्या एकाही वर्गाला आधी येत नव्हतं. खाजगी डिझाइन कॉलेजची फी वर्षाला काही लाख. समजा मुलीने १२ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, व्याज साडेदहा टक्के, फेड दहा वर्षांची. हप्ता येतो महिन्याला १६ हजारांच्या थोडा वर. पुण्यात राहणं-खाणं ३० हजार धरा. जागेचा वाटा, वीज, इंटरनेट १२ हजार. सॉफ्टवेअर, लॅपटॉपची झीज, छपाईचे नमुने ८ हजार. प्रवास, दवाखाना, सीएची फी ४ हजार. झाले ७० हजार. महिन्यात कामाचे दिवस पंचवीस असले तरी ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस चौदाच्या वर जात नाहीत. बाकीचे गिऱ्हाईक शोधण्यात, भेटीगाठीत, "उद्या या" मध्ये जातात. म्हणजे दिवसाचा दर ५ हजार, आणि यात नफा एक पैसाही नाही. लोगोचं काम नीट करायला सहा दिवस लागत असतील तर ३० हजारांच्या खाली ते काम तोट्याचं. आणि हीच मुलगी लोगोचे ४ हजार सांगते. वर भीत भीत विचारते, "जास्त तर नाही ना होत?"

४ हजारांत ती तगते ती एकाच स्थितीत. घर आईवडिलांचं असेल, हप्ता बाबा भरत असतील, आणि दोन-तीन वर्षं काही मिळालं नाही तरी चूल पेटत असेल. असं घर असणं हा काही गुन्हा नाही. पण मग त्याला धाडस म्हणू नका. सोलापूरहून किंवा चंद्रपूरहून एलिमेंटरी, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवून आलेला, कर्जावर शिकलेला मुलगा पदवीनंतर सहा महिन्यांत पुण्यात खराडीच्या किंवा बेंगळुरूच्या कंपनीत अॅप-वेबसाइटचा यूएक्स डिझायनर म्हणून लागतो, तेव्हा त्याच्यात धाडस कमी होतं असं नाही. त्याचा हप्ता सुरू झालेला असतो. आपल्याकडे खेळणी, शेतीची हत्यारं, एसटी स्टँडवरच्या पाट्या, सरकारी अर्ज यांना डिझायनर का मिळत नाही, याचं अर्धं उत्तर बँकेच्या हप्त्यांच्या तक्त्यात आहे. डिझाइन कुठे जाणार हे आवड ठरवत नाही, ईएमआय ठरवतो.

आणि नोकरी हा पराभव नाही, हेही एकदा मोठ्याने म्हणायला हवं. चांगल्या प्रेसमध्ये, कारखान्याच्या डिझाइन विभागात, मोठ्या स्टुडिओत तीन वर्षं काढलेला माणूस पुढे स्वतःचं काही सुरू करतो तेव्हा त्याच्याकडे व्हेंडरचे नंबर असतात, चुका दुसऱ्याच्या खर्चाने झालेल्या असतात. पुण्यात 'एलिफंट डिझाइन' ही संस्था १९८९ साली एनआयडीच्या पदवीधरांनी एकत्र येऊन सुरू केली, अश्विनी देशपांडे त्यांच्यातल्या एक. 'पेपर बोट' या पेयांच्या पाकिटांचं डिझाइन त्यांचं. ते यशस्वी का झाले याची कारणं तेच सांगू शकतील. मला बाहेरून एवढं दिसतं की हे एकट्या प्रतिभावंताचं दुकान नव्हतं, भागीदारी होती. आणि गाव पुणं होतं, जिथे पिंपरीपासून चाकणपर्यंत वस्तू बनवणारी गिऱ्हाइकं पसरली होती. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेची वाट वेगळी. तिथली माणसं आयडीसी, जे.जे. अशा ठिकाणी शिकलेली आणि अक्षरांच्या मागे लागलेली. त्यांचा 'मुक्ता' फॉन्ट तुम्ही नाव माहीत नसतानाही मराठी संकेतस्थळांवर वाचला असेल. देवनागरीतली जोडाक्षरं पडद्यावर नीट बसवणं हे असं काम आहे की ते येणारी माणसं फार थोडी, आणि म्हणून गिऱ्हाइकाला त्यांच्याकडेच यावं लागतं. यातली कुठलीच वाट पिच डेकमधून निघालेली दिसत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो माझ्या ओळखीच्या चांगल्या शिक्षकांकडून येतो: डिझाइन कॉलेज म्हणजे कॉमर्सचा क्लास नव्हे; पोरांच्या डोक्यात आतापासून भाव घातले तर ती बाजार मागतो तेवढंच करतील. मला हे पटत नाही, पण त्यात तथ्य आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाला जीएसटी शिकवून उपयोग नाही. त्याने चुकीची, खर्चिक, वेडी मॉडेल्स करायलाच हवीत. पण शेवटच्या वर्षी? तिथे मी मागते आहे ते एमबीए नव्हे. दिवसाचा दर काढता येणं, एक पानी करार लिहिता येणं आणि पैसे वसूल करता येणं, एवढंच. ज्यांच्या घरी शिलाईचं दुकान आहे, प्रेस आहे, माग आहेत, ती मुलं हे जेवणाच्या ताटावर शिकून आलेली असतात. मास्तरांच्या आणि क्लार्कच्या घरातली मुलं अडकतात. मीही त्यांच्यातलीच.

वसुलीबद्दल तर इतकं अज्ञान आहे की चीड येते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमई विकास कायदा २००६ पासून आहे. त्याखालची उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, आणि डिझाइनची सेवा देणारा एकट्या माणसाचा स्टुडिओही त्यात बसतो. नोंदणी असेल तर गिऱ्हाइकाने ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला सरकारी सुविधा परिषद. माझे एका गिऱ्हाइकाकडे चौदा महिने पैसे अडकले होते. भांडले नाही. पुढच्या बिलाखाली उद्यम क्रमांक आणि या तरतुदीची एक ओळ छापली. जुनं बिल तीन आठवड्यांत निघालं. प्रत्येक वेळी असं होईल असं नाही, परिषदेतही तारखा पडतात. पण ही एक ओळ चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठे तरी बसवता आली असतीच की.

दुसरं अज्ञान याहून महागात जातं. वस्तूच्या रूपाचं संरक्षण करणारा डिझाइन कायदा आपल्याकडे २००० सालचा आहे. नोंदणी झाली तर दहा वर्षं, पुढे आणखी पाच वर्षं हक्क मिळतो. अट एवढीच की नोंदणीच्या अर्जाआधी ते रूप जगापुढे आलेलं नसावं. अपवाद आहेत, पण थोडे. आणि आमची कॉलेजं काय करतात? पदवी प्रदर्शन भरवतात, वस्तूचे फोटो कॉलेजच्याच इन्स्टाग्रामवर टाकतात, मुलांना पोर्टफोलिओ ऑनलाइन ठेवायला लावतात, आणि मग त्याच मुलांना इन्क्युबेशन सेलमध्ये बोलावून विचारतात, "तुझं आयपी काय?" म्हणजे कायद्याने तुझ्या मालकीचं काय? डब्याच्या झाकणाची ती युक्ती ज्युरीच्या आदल्या आठवड्यातच रीळमध्ये येऊन गेली होती.

एवढं गाऱ्हाणं मांडल्यावर आमच्याच पंगतीत जरा बघायला हवं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपण सगळे तापलो. बरोबरच होतं, कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि नावसुद्धा घ्यायची तसदी सुरुवातीला घेतली नव्हती. पण त्या आठवड्यात सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्यांत डिझाइन पदवीधरांचे छोटे छोटे ब्रँडही होते. हे ब्रँड कारागिराच्या घरी दोन दिवस राहतात, पट्ट्याचा रंग बदलतात, क्राफ्ट कागदाच्या खोक्यात घालून चौपट भावाने विकतात. लेबलवर डिझायनरचं नाव असतं, कारागीर म्हणजे 'स्थानिक कारागीर'. जोडीमागे त्याला किती मिळाले ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा असं येतं: "बाजारात जे देतात तेच." म्हणजे मिठाईवाला आमच्याशी जे करतो, तेच आम्ही चपला शिवणाऱ्याशी. काही जण नीट वागतात, नगामागच्या मजुरीऐवजी विक्रीतला वाटा देतात, हे मी पाहिलं आहे. पण हाही व्यवहाराचाच धडा आहे, आणि तोही कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

सरकारकडून मला इन्क्युबेटर नकोत. राष्ट्रीय डिझाइन धोरण २००७ साली मंजूर झालं, त्यात डिझाइन क्षेत्राच्या वाढीची बरीच मोठी वाक्यं आहेत. मला त्यापेक्षा लहान गोष्ट हवी. महापालिका, एसटी, आरोग्य खातं, विद्यापीठं यांनी बोधचिन्ह स्पर्धा बंद कराव्यात. रस्ता करायचा असतो तेव्हा आपण शंभर कंत्राटदारांना सांगत नाही की सगळ्यांनी एकेक किलोमीटर बांधा, आवडेल त्याला पैसे देऊ. निविदा काढतो. डिझाइनचंही तसंच करावं. जुनी कामं बघून तीन स्टुडिओ निवडा, तिघांना प्राथमिक कल्पनेचे पैसे द्या, एकाला काम द्या, त्याला करार द्या. जिल्ह्याच्या गावी दरवर्षी अशी दहा कामं निघाली तरी तिथे एक स्टुडिओ तगेल आणि सोलापूरच्या मुलाला खराडीशिवाय दुसरी वाट दिसेल. आता चित्र करून देणारी यंत्रं आल्यावर चार हजारांचा लोगो तसाही फुकट झाला आहे. उरणार आहे ते शीटवर सहा बसवणारं डोकं. त्याला भाव द्यायची सवय सरकारने लावली तर बाजारही शिकेल.

गेल्या वर्षी शिकवलेल्या एका मुलीने दिवाळीनंतर व्हॉट्सअॅपवर तिच्या पहिल्या कोटेशनचा फोटो पाठवला. काम मसाल्याच्या पाकिटाचं, गिऱ्हाईक तिच्याच गावचं. खाली तिने लिहिलं होतं: "दोन बदल वरील रकमेत धरले आहेत. तिसऱ्या बदलापासून प्रत्येकी १,५०० रुपये." मी म्हटलं, ही ओळ ते खोडतील, तयारी ठेव. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. मालकांचा तिसऱ्या बदलासाठी फोन आला होता, मिरचीचा लाल जरा गडद करायचा होता. तिने सांगितलं, करते, दीड हजार होतील.

"मग?"

"ते म्हणाले, राहू दे गं, आहे तोच चांगला दिसतोय."